झाकणावरचा मोखेले कोण?

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. एवढं एकच मला खात्रीने सांगता येतं. मी कुणाची, माझं घर कुठलं, असं विचाराल तर माझा गोंधळ उडतो. दोष माझा नाही. झाकण उघडलं तरच मला दिसतं. एका ठिकाणी बंद होते आणि भलत्याच ठिकाणी उघडते. मधला सगळा नुसता खडखडाट.

पहिल्यांदा झाकण उघडलं ते परमुलखातल्या वेल्कम गावी, सोन्याच्या खाणीवरच्या कामगारांच्या बराकीत. मोखेले नावाच्या उंच, बडबड्या माणसाने मला विकत घेतलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याने पांढऱ्या रंगाने त्याचं नाव माझ्यावर घातलं. त्याला अक्षरं येत होती, पण जागेचा अंदाज येत नव्हता. शेवटचं अक्षर कडेला चिरडून बसलं.

मोखेले मात्र खूश. "बघ, मी मेलो तरी नाव घरी जाईल," तो म्हणाला.

"मेल्यावर जाऊ दे, आधी जिवंतपणी जा की! बायको ओळखेल का तुला?" सोबती हसला.

घर म्हणजे सीमेपलीकडचं, थाबा-त्सेकाच्या डोंगरातलं. बसने, मग गाढवाच्या पाठीवर, असे आम्ही वर जायचो. माझ्यातून ब्लँकेटं, साबण, मुलांचे बूट निघायचे. बराकीत मोखेले डोंगराच्या आठवणीने रडवेला व्हायचा, आणि डोंगरावर आला की बराकीतल्या गप्पा सांगत बसायचा. मग घर नेमकं कोणतं? मला तर काहीच कळेना.

एकदा बराकीत झाकण उघडलं आणि समोर दुसराच चेहरा. तो मोखेलेचा थोरला मुलगा, सेआबाता. म्हातारा थकला, म्हणून आता हा आला होता. माझ्यावरचं नाव वाचून सगळे त्याला मोखेले म्हणत. तो आधी चूक सुधारायचा, मग कंटाळून ओ देऊ लागला. मी पुरती चक्रावले.

पुढे सेआबाताचं लग्न झालं. आमच्यात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, आणि सुनेलाही त्याच नावावरून हाक मारतात, पोर जन्माला यायच्या आधीपासूनच. त्यामुळे नवी सून पहिल्या दिवसापासून मा-मोखेले झाली, म्हणजे मोखेलेची आई. पण झाली मुलगी.

"आता हो काय करायचं?" म्हातारी घाबरून म्हणाली.

"करायचंय काय? मोखेले येणार होता, मोखेले आली," म्हातारा म्हणाला. "मुलगी झाली म्हणून काय सुनेचं नाव बदलू? द्या इकडे माझ्या नावाला."

पुढे म्हातारा-म्हातारी दोघंही गेली. छोटी मोखेले मोठी होत राहिली. सेआबाता नाताळाला यायचा तेवढाच. एकदा तो मला उघडत होता, तर ती आईच्या मागे लपून विचारते, "आई, हा पाहुणा कधी जाणार?" सगळे खो खो हसले. सेआबाताही हसला, पण माझ्यात वाकून, काहीतरी शोधतोय असं दाखवत बराच वेळ राहिला. त्याचे डोळे मी पाहिले, मित्रांनो. मला फार वाईट वाटलं.

शेवटी खाणीतली धूळ त्याच्या छातीत बसली. तो खोकत खोकत कायमचा घरी आला, तेव्हा मुलीशी त्याची नीट ओळख झाली. मला कोपऱ्यात सारलं. माझ्यावर कोंबडी अंडी घालू लागली. तिचं हे घर होतं की माझं, देव जाणे. रोज कोणीतरी "मोखेले!" अशी हाक मारायचं, मुलगी "आले" म्हणायची आणि पाठोपाठ बापाचा खोकला ऐकू यायचा. एक दिवस खोकला थांबला.

मातीनंतर महिन्याने सगळ्यांनी डोकी भादरली, मेंढा कापला. मेलेल्याच्या वस्तू वाटायचा मान त्याच्या मामाचा. सेआबाताचा म्हातारा मामा काठी टेकत अंगणात बसला. शर्ट वाटले, बूट वाटले. मग मला बाहेर आणून झाकण उघडलं. मोखेले माझ्याकडे टक लावून बघत होती. बापाचं एवढंच उरलं होतं.

सेआबाताचा धाकटा भाऊ सेलो पुढे सरसावला. "ट्रंक माझ्या मुलाला द्या, मामा. घराण्याची वस्तू आहे, पुरुषाकडेच राहायला हवी. नावावर रंग मारू म्हणजे झालं."

"तुझा मुलगा कुठे निघालाय?" मामाने विचारलं.

"सध्या कुठे नाही. खाणी माणसं घेतात कुठे आता?"

"मग ट्रंकेत काय, झोप भरणार?"

बायका तोंडावर ब्लँकेट धरून हसल्या. मामाने काठीने माझ्या झाकणावर टकटक केलं. "या घरात मोखेले म्हणून हाक मारली तर ओ कोण देतं?"

मुलगी उभी राहिली. "मी देते. आणि सोमवारी मासेरूला निघालेय, कपड्यांच्या कारखान्यात."

"झालं तर. घेऊन जा," मामा म्हणाला.

निघायच्या सकाळी तिने पुसट झालेलं नाव पांढऱ्या रंगाने गिरवलं. चिरडलेलं शेवटचं अक्षर तसंच चिरडून गिरवलं. दारात मा-मोखेले म्हणाली, "येत जा गं. पाहुणी होऊ नकोस." पोर हसायला गेली आणि रडली.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी जुनी ट्रंक असेल तर तिच्यावरचं नाव खरवडू नका. अधूनमधून तिचं झाकण उघडत जा. आमची मोखेले उद्या लग्न करील, सासरचे तिला नवं नाव देतील, तेव्हा माझ्यावरचा मोखेले कोण? मला माहीत नाही.

मासेरूच्या भाड्याच्या खोलीत झाकण उघडलं. आत बापाचं ब्लँकेट होतं. ती ते उचलत होती, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली, "मोखेले!"

"आले!" ती म्हणाली.

मी सवयीने खोकल्याची वाट पाहिली.