डावीकडची खुर्ची

थोरली कपड्यांच्या कारखान्यात तयार सदरे तपासायची. उसवलेली शिवण, वाकडी कॉलर, सुटलेला धागा. दिवसभर नुसती खोट शोधायची. संध्याकाळी ती पाय ओढत धाकट्या भावाकडे जायची. आई त्याच्याकडेच राहायची आणि झटका आल्यापासून अंथरुणाला खिळली होती.

आतल्या खोलीत आईची खाट होती. खाटेच्या उजवीकडे दार, डावीकडे खिडकी आणि तिच्याशेजारी परसदार. जाण्यायेण्याची वाट अडू नये म्हणून खुर्ची खिडकीखाली ठेवलेली. थोरली परसदारानेच ये-जा करायची. ती तिथे टेकायची आणि आई दाराकडे तोंड करून पडलेली असायची.

आधी तिने ते मनावर घेतलं नाही. पण भावजय दारातून आली की आई तिच्याकडे बघून हसायची, भाऊ आला की त्याची विचारपूस करायची. थोरलीने करून आणलेली भाजी मात्र ताटात तशीच राहायची. आईचा डावा हात लुळा पडला होता हे तिला माहीत होतं; पण मान तरी वळवायला काय हरकत होती? हळूहळू थोरलीने बोलणंच सोडलं. मुकाट्याने बसायची, मुकाट्याने उठायची.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आजारपणाच्या आधी आई एकटी राहायचा हट्ट धरून बसली होती आणि थोरलीनेच भांडून तिच्या घराला कुलूप घालायला लावलं होतं. भावालाही हे कारण पटलं. ते भांडण आईच्या मनातून गेलेलं नाही, असं तोही म्हणाला.

मग एके दिवशी व्यायाम करून घेणारी बाई जेवणाच्या वेळी आली. ताटातलं निम्मं अन्न संपलं होतं, डावीकडच्या निम्म्याला, थोरलीच्या भाजीसकट, हातही लागला नव्हता. बाईने ताट फिरवून ठेवलं, तशी आई उरलेलं जेवू लागली. बाई म्हणाली, डोळे धड आहेत. पण झटक्याने डावी बाजू यांच्या लेखी उरलीच नाही. तिकडे कुणी बसलंय, बोलतंय हे यांच्या गावीही नसतं. आणि तिने खुर्ची उचलून उजवीकडे, दाराच्या बाजूला आणली.

थोरली त्या खुर्चीवर बसली. आईने डोळे बारीक केले.

"आलीस होय," आई म्हणाली. "मला वाटलं, तू आता यायची नाहीस. घरावरून एवढं भांडण झालं आपलं."

"आई, मी रोज येत होते. तिथे, खिडकीपाशी बसायचे."

"हा पण असंच सांगायचा, ताई येऊन गेली म्हणून," आई भावाकडे बघत म्हणाली. "माझी समजूत घालत होता बिचारा."

भावाने शपथा घेतल्या, भावजयीने साक्ष दिली, बाईने पुन्हा सगळं उलगडून सांगितलं. आई शहाण्यासारखी मान हलवत राहिली. मग थोरलीच्या हातावर आपला हात ठेवून म्हणाली, "असू दे. आलीस ना आता. मी काही मनात ठेवत नाही."

थोरलीने आणखी समजावलं नाही. तिच्यात तेवढं त्राण नव्हतं.

भाऊ तिला फाटकापर्यंत सोडायला आला. बरं झालं, मनातली अढी गेली, असं तो म्हणत होता.

"कळतंय रे सगळं," ती म्हणाली, "पण वळत नाही. आत्ताही ती बोलता बोलता तुझ्याकडे बघत होती, तर मला वाटलं, बघ, माझ्याकडे बघायचं टाळतेय."

उद्या लवकर ये, भाऊ म्हणाला. तिने मान हलवली आणि खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन ती चालू लागली.