सोनूबाईच्या अटीचा पोहरा

मित्रांनो, मी एक जुना पोहरा आहे. विहिरीतून पाणी काढायचा लोखंडी पोहरा. लोकांना माझ्यावरून एकच म्हण आठवते, ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’. मला ती मुळीच आवडत नाही. आमच्या विहिरीत भर मे महिन्यातही पुरुषभर पाणी असते, आणि मी तर एक अख्खी जमीन वाचवली आहे. कशी, ते ऐका.

मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये, रुळांच्या कडेला रेल्वेचे एक आवार आहे. तिथे गँगमन लोकांची सोळा घरे आहेत आणि मधोमध विहीर. ही सगळी जमीन पूर्वी सोनूबाई नावाच्या एका विधवा शेतकरणीची. तिथे भात पिकायचे. ऐंशी वर्षांपूर्वी रेल्वेने ती जागा मागितली. रूळ टाकणारी माणसे तेव्हा उन्हात मैलभर चालून पाणी आणत, कारण सोनूबाईचे दीर जात विचारून त्यांना विहिरीवरून हाकलून देत. सोनूबाई हे रोज बघत होती. तिने जमीन दिली, पण दस्तात अट घातली. विहिरीवर रेल्वेने दोर आणि पोहरा ठेवावा, आणि येईल त्याला कोण, कुठला हे न विचारता पाणी मिळावे. सलग बारा महिने पोहऱ्याने पाणी काढले गेले नाही, तर जमीन तिच्या वारसांकडे परत जावी. दीर फणफणले, पण जमीन तिच्या नावावर होती. त्यांचे काही चालले नाही.

मी त्या विहिरीवरचा तिसरा पोहरा. पन्नास वर्षांपूर्वी रेल्वेच्या कारखान्यात, भंगारात निघालेल्या एका इंजिनाच्या पत्र्यातून माझा जन्म झाला. त्यामुळे मी वजनाला अंमळ जास्तच. आवारात आलेली प्रत्येक नवी सून पहिल्या दिवशी माझ्या नावाने बोटे मोडते. मला खांद्यावरून इथे आणले ते भाऊरावांनी. तेव्हा ते बावीस वर्षांचे, गँगमध्ये नुकतेच लागलेले.

आवारातली बहुतेक कुटुंबे बौद्ध. वीस मार्चला, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, इथे मला नवा दोर बांधतात. पहिला पोहरा सोनूबाईच्या घरातल्या बाईने ओढायचा आणि ते पाणी सोळाही घरांनी प्यायचे, असा रिवाज आहे. गेली चाळीस वर्षे हा मान जानकीबाईंचा. त्या सोनूबाईच्या नातसून. त्या दिवशी माझा रुबाब विचारू नका.

मग घरोघरी नळ आले. माझ्याकडे येत ते भाजीवाले, हमाल, रिक्षावाले. तरी माझे बरे चालले होते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आवारावर नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त फार टापटिपीचा. उघडी विहीर बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, जाळीला कुलूप घातले आणि शेजारी थंड पाण्याचे चकचकीत मशीन उभे केले. अट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. मला गोदामात, फुटक्या कंदिलांच्या शेजारी टाकले. खरे सांगतो, मला फार वाईट वाटले. एवढी वर्षे पाणी पाजले, त्याचे हे फळ.

दहा महिने गेले. वीस मार्च जवळ आला तशी भाऊरावांची मुलगी सुलक्षणा साहेबांकडे गेली. ती आता स्वतः रुळांवर काम करते. तिच्या अर्जावर साहेबांनी एका तासापुरती किल्ली दिली. मला नवा दोर मिळाला, जानकीबाईंनी ओढले, सगळे पाणी प्यायले. तास संपला आणि मी परत कंदिलांपाशी.

जूनमध्ये नोटीस आली. ती पाठवली होती हर्षदने, जानकीबाईंच्या पुतण्याने. तो पवईला मोठ्या ऑफिसात असतो. त्याला दस्ताची नक्कल सापडली होती आणि एक बिल्डरही. त्याचे म्हणणे असे, की विहीर तेरा महिने कुलपात आहे, अट मोडली, जमीन आमची. म्हणजे विहीर बुजणार, टॉवर उभा राहणार आणि सोळा घरांनी चालते व्हायचे. साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी धावत येऊन मला बाहेर काढले, घासूनपुसून विहिरीवर लावले. पण वरातीमागून घोडे. त्या एका तासाची कुठे नोंद नव्हती, सुलक्षणाचा अर्जही सापडेना.

दोन वर्षे दावा चालला. सुलक्षणाने आणि साहेबांनी साक्ष दिली. हर्षदचे वकील म्हणाले, आपले घर नाहीतर नोकरी वाचवायला कोणीही असे सांगेल. तेव्हा आवारातल्या काहींनी जानकीबाईंना साक्षीला बोलवायचे ठरवले. भाऊरावांनी साफ नाही म्हटले. आपल्या घरासाठी त्यांच्या घरात भांडण लावायचे नाही, असे त्यांचे मत.

शेवटी जानकीबाईंना कोर्टात आणले ते हर्षदनेच. घरातली वडीलधारी बाई, तिच्या शब्दाला वजन. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट असलेल्या फ्लॅटचे त्याने कबूल केले होते. मीही टेबलावर होतो, गळ्यात नंबराची चिठ्ठी घालून. विहिरीला कुलूप होते का, असे त्याच्या वकिलांनी विचारले. होते, जानकीबाई म्हणाल्या. हर्षद खूश झाला. माझा तर धीरच सुटला.

मग रेल्वेच्या वकिलांनी विचारले, कुलूप वर्षभर कधीच उघडले नाही का?

“उघडलं ना. वीस मार्चला,” जानकीबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. “मीच ओढला पहिला पोहरा. हाच.”

हर्षद उभाच राहिला. “काकी, काय बोलतेस तू? आपलंच नुकसान आहे यात.”

“मी दर वर्षी त्या दिवशी कुठे जाते, हे कधी विचारलंस का रे मला? शपथ घेतलीय मी. आता गुडघ्यांसाठी खोटं बोलू का?”

न्यायाधीशांनी हर्षदला खाली बसवले. महिन्याभराने निकाल लागला. अट मोडलेली नाही, जमीन रेल्वेचीच, जाळी काढून टाका, पोहरा कायम ठेवा. आम्ही जिंकलो, मित्रांनो. तो शब्द उच्चारताना आजही माझी कडी थरथरते.

जाळी कापली त्या दिवशी सोळाही घरे विहिरीवर जमली होती. मी धपकन पाण्यात पडलो आणि आनंदाने गटागटा बुडालो. जानकीबाईंनी ओढले, सुलक्षणाने दोराला हात लावला. भाऊराव रडत होते आणि आपण रडत नाही असे सगळ्यांना सांगत होते.

काकीला गाडीतून सोडायला हर्षद आला होता. तो फाटकाशीच उभा राहिला, घामाने निथळत. त्याला पाहून कोणीतरी पुटपुटले, हा कशाला आलाय इथे?

भाऊरावांनी माझ्यातून तांब्या भरला आणि त्याच्यासमोर नेला. “ते विचारायचं नाही इथे,” ते म्हणाले. “तुमच्या पणजीनं लिहून ठेवलंय.”

हर्षदने मान खाली घालून ओंजळ पुढे केली. प्यायला, आणि पुन्हा ओंजळ धरली. मी खूप विजय पाहिले नाहीत, पण याहून मोठा नसावा.

मित्रांनो, तुमच्या आसपास एखादी जुनी विहीर असेल तर तिच्यात निर्माल्य आणि पिशव्या टाकू नका. पोहऱ्याचा दोर कुजायच्या आत बदला. कोणी मोठ्या मनाने एखादी अट घालून ठेवली असेल, तर ती कपाटात विसरू नका. आणि मुलुंडच्या बाजूला आलात तर पाणी प्यायला या. वजनाची तक्रार मात्र चालणार नाही.