ज्या दुपारी मी वाजलो नाही

मित्रांनो, मी एक जुना पितळी खल आहे. अरबस्तानातल्या नज्दच्या वाळवंटात मातीचा एक राजवाडा आहे. तिथं बैठकीच्या चुलीशेजारी, काचेच्या पेटीत मी बसलेला असतो. माणसं येतात, वाकून बघतात, माझं कौतुक करतात. खरं सांगतो, ते कौतुक ऐकून मला मान वर करवत नाही.

तांबटानं मला ओतलं तेव्हा माझा काठ मुद्दाम पातळ ठेवला, का तर नाद लांब जावा. आमच्याकडं कॉफी गुपचूप कुटत नाहीत. दोन ठोके तळात, एक काठावर. तो आवाज कानी पडला की वाटसरूनं खुशाल उंट वळवावा, वेगळं बोलावणं लागत नाही. माझ्या हाकेवर किती माणसं जेवून गेली, त्याची गणतीच नाही. मला त्याचा गर्व होता, भलताच गर्व होता.

मग सलग तीन वर्षं पाऊस पडला नाही. एका दुपारी राजवाड्याच्या धन्याला, शेख मुतलकला, कॉफीची तल्लफ आली. कॉफी करणारा सुवैलिम गच्चीवरून धावत खाली आला.

"धनी, बाहेर एक उंट थांबलाय. नवरा, बायको आणि एक पोर. बाई उंटावरच लवंडलीय. दोन ठोके मोकळे देऊ?"

"देशील! आणि उद्या मोठी माणसं आली की त्यांच्यापुढं काय ठेवू, तुझं डोकं? डबाभर दाणे उरलेत. खाली लोकरीच्या कापडाची घडी घाल आणि खल हातानं धरून कूट, आवाज बाहेर जाता कामा नये. मला एक घोट तेवढा कर."

सुवैलिमनं घडी घातली. मला एका हातानं दाबून धरलं आणि कुटायला बसला.

मित्रांनो, सगळा दोष शेखवर टाकून मी मोकळा झालो असतो. पण त्या घडीवर मला बरं वाटलं होतं. ठोके मऊ लागत होते, जरा विसावा मिळत होता. बाहेर उंट बराच वेळ थांबला, मग त्याची पावलं दूर गेली, आणि मला चक्क हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं आली, तेव्हा मी नेहमीपेक्षा जोरात वाजलो. ते आठवलं की अजून अंगाची लाही लाही होते.

पुढं कॉफी दळायची यंत्रं आली. मी अडगळीत पडलो, कुणी माझ्यात खिळे ठेवले, कुणी कोंबड्यांना पाणी दिलं. ते मला वाजवीच वाटलं. मग राजवाडा डागडुजी करून लोकांना दाखवायला खुला केला आणि मला घासूनपुसून पेटीत बसवलं. वाटाड्या मिशारी रोज ठासून सांगतो, "हा खल एक दिवससुद्धा गप्प बसला नाही!"

गेल्या हिवाळ्यात त्याचं हे वाक्य एका म्हातारीनं तोडलं. मुज्ना तिचं नाव. हातात कापडी पिशवी होती.

"बसला होता बाळा, एकदा. मी सहा वर्षांची होते. आई तापानं फणफणली होती. आम्ही या दाराशी थांबलो, कान लावून ऐकलं."

मिशारी गोंधळला. "मग दार का नाही ठोठावलं, आजी?"

"बाप म्हणाला, खल वाजत नाही, म्हणजे घरात दाणा नसणार. रिकाम्या घरापुढं हात पसरून त्यांना लाजवायचं नाही. पुढं गेलो. तिसऱ्या दिवशी एका विहिरीपाशी आईनं प्राण सोडला."

मुज्नानं हातातली पिशवी पुढं धरली.

"बाप मरेपर्यंत या घरासाठी दुवा मागायचा. म्हणायचा, बिचाऱ्यांवर फार वाईट दिवस आले होते, जमलं तर त्यांना कॉफी नेऊन दे. उशीर झाला, पण आणलीय." तिनं पिशवी उघडली. "काढ त्याला बाहेर."

"आजी, हात लावायची मनाई आहे. माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. माझ्या घरी येऊन जेव."

लोक हसले. मिशारीनं डोळे पुसत पेटी उघडली.

भाजलेले दाणे माझ्या पोटात पडले. त्या क्षणी मला तडा गेला असता तर बरं झालं असतं. म्हातारीनं बत्ता उचलला. दोन ठोके तळात, एक काठावर. बाहेर भिंत लिंपणारे मजूर हातची माती तशीच ठेवून आत आले आणि मुज्नानं प्रत्येकाला कॉफी दिली. मला ओरडून सांगायचं होतं, "बाई, दाणे होते गं! डबाभर होते!" पण मला एकच आवाज येतो, आणि तिला तो आवडला.

मित्रांनो, तिला नाही सांगता आलं, म्हणून तुम्हांला सांगतोय. तुमच्या घरात चूल पेटलेली असेल आणि दाराशी कुणी थांबलं असेल, तर आवाज दाबू नका. बाहेरचा माणूस कदाचित तुमचीच लाज राखत पुढं जात असेल. मुज्नाच्या कॉफीची पूड अजून माझ्या तळाशी आहे. कधी इकडं आलात तर मिशारीला सांगा, एवढी पुसू नकोस.