दोन घरांतली मनस्विनी

मराठी मंडळाच्या वेबसाइटने मनस्विनीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. चिटणीस हयवदनरावांनी फोन करून भार्गवीला सांगितलं, तुझ्या अक्काच्या सासरचे फार दुखावलेत, स्वल्प, जरासं बघ बाई. भार्गवी कानडीत सरी म्हणाली, बरं म्हणावं तसं. पडद्यावर सख्खी बहीण एकेचाळीस वर्षांची झालेली पाहून काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने उठून कुकर लावला आणि पुन्हा येऊन बसली.

चूक कुठे आहे ते तिला ठाऊकच होतं, कारण ती तिचीच. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांच्या वंशावळी तिने पुस्तकं चाळत, चुकतमाकत जावास्क्रिप्टमध्ये बसवल्या होत्या. बापाच्या पोटात मुलं, मुलांच्या पोटात नातवंडं, असा डब्यात डबा. लेक सासरी गेली की नवऱ्याच्या डब्यात पुन्हा नव्याने लिहायची, आणि लग्नात नाव बदलायची रीत, म्हणून नावही निराळं. माहेरच्या डब्यात मनस्विनी, सासरच्या डब्यात विमला. सासरच्यांनी विमलाचं मृत्यूचं साल कळवलं होतं. माहेरची माहिती अण्णांनी, म्हणजे वडील भीमाचार्यांनी, सांगितली. ती जागा त्यांनी रिकामी सोडली. भार्गवीनेही विचारलं नाही.

मृत्यूचं साल नसलं की वय ते पान आपलं आपणच मोजत राहायचं. अण्णा संध्याकाळी येऊन तेवढं वाचायचे आणि बाहेर जायचे.

आता उपाय एकच होता. सगळे डबे रिकामे करायचे, प्रत्येक माणूस एकदाच मांडायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि घराघरात नुसते क्रमांक ठेवायचे. चामराजपेटच्या आपल्या घरात, बाहेर बस आणि रिक्षांचा गोंगाट चालू असताना, ती रोज तेच करत बसली. निम्म्या बायका दोनदा निघाल्या. जुने पत्ते, बंद झालेले फोन ती शेंगा सोलाव्यात तशी काढून टाकत गेली. शेवटी तिचीच अक्का राहिली.

अण्णा आले तेव्हा तिने सांगून टाकलं, की आता एकच नोंद राहील.

"कुठली?"

"साल भरलेली. खरी तीच आहे, अण्णा."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, तो स्वच्छच होता.

"मी काही वेडा नाही गं. अग्नी दिला तेव्हा तिथेच उभा होतो."

"माहीत आहे."

"मग साल त्यांचं घे. नाव आपलं ठेव."

"पण मग त्यांच्याही घरात तेच दिसेल. तिकडे तिला विमला म्हणायचे."

"दिसू दे की. माणूस एकच ना?"

तिने साल भरलं. नाव राहू दिलं. पान पुन्हा उघडलं तेव्हा वयाची जागा कोरी होती. अण्णांनी ते पाहिलं, झालं का म्हणून विचारलं आणि देवघराकडे गेले. भार्गवीने आपल्या हातांकडे पाहिलं. नेहमीसारखेच होते.

रविवारी भावोजींचा फोन आला. चिडलेले नव्हते, बुचकळ्यात पडले होते. आमच्या घरात ही मनस्विनी कोण, असं त्यांची म्हातारी आई विचारत होती.

"आमची आहे," भार्गवी म्हणाली. "तुमच्याकडे दिली होती."

 भावोजींनी फोन ठेवला नाही. तिनेही नाही.