फुगवट्यातले निळे पिंप

मित्रांनो, मी एक जुने निळे पिंप आहे. राजाबाईंच्या घरामागे एक अंधारी खोप आहे, तिथे मी आता उभे असते. मला उन्हात ठेवायचे नाही, अशी घरात सक्त ताकीद आहे. ती का, हे सांगताना माझी मान खाली जाते. पिंपाला मान नसते हे मलाही ठाऊक आहे, पण तुम्ही समजून घ्या.

माझा जन्म सोलापूरकडच्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवले, साच्यात हवा फुंकली आणि मी बाहेर पडले. अंग इतके गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी. तिथून केम गावच्या बाजारात आले. राजाबाईंनी माझ्या पोटात डोके घालून हुंगले, बोटाने वाजवून पाहिले आणि मला घरी नेले.

त्यांचे घर भीमेच्या धरणामागे तुंबलेल्या पाण्याच्या, म्हणजे फुगवट्याच्या, काठी. पाणी डोळ्यांसमोर पसरलेले, पण पिण्याचे पाणी मात्र टँकरने यायचे. धरण उशाला आणि कोरड घशाला, म्हणतात ना, तसे. राजाबाई मला राखेने घासत, तोंडावर स्वच्छ फडके बांधत. पाव्हणा आला की आधी माझ्यातून तांब्या भरला जाई. पुढे नळ आला आणि मी गोठ्यामागे आडवे पडले. कोंबड्या अंगावर बसू लागल्या. मला फार वाईट वाटायचे.

मग एके दिवशी सोनाली आली. ती मोहोळची, सोलापुरात राहून पाण्यातल्या प्लास्टिकच्या बारीक कणांचा अभ्यास करायची. राजाबाईंचा मुलगा बिभीषण मासे धरायचा. त्याची होडी तिला हवी होती. तिने अंगणात बसून सांगितले, "मावशी, उपग्रह दर थोड्या दिवसांनी आपल्यावरून जातो. त्याला कण दिसत नाहीत, पण पाण्याचा रंग, गढूळपणा, फेस दिसतो. तो जाईल त्याच सकाळी मी खाली जाळी फिरवणार, कण मोजणार आणि दोन्ही जुळवणार. एकदा जुळलं, की नुसत्या रंगावरून सगळ्या पाण्याचा अंदाज बांधता येईल."

राजाबाई म्हणाल्या, "वर गेलेलं कुनी आजवर खाली वळून बघितलं न्हाय. ह्ये तुजं यंत्र बघतंय व्हय?"

सोनाली खळखळून हसली. वाऱ्याने होडी सरकू नये, दर वेळी एकाच जागी थांबता यावे, म्हणून तिला पाण्यात एक खूण हवी होती. बिभीषणने मला उचलले, झाकण घट्ट लावले आणि धोंड्याला बांधून फुगवट्याच्या मधोमध सोडले.

मित्रांनो, त्या दिवसांसारखे दिवस नाहीत. सोनाली माझ्यावर थाप मारून म्हणायची, "हा आपला खालचा उपग्रह!" मी फुगून जात असे. तसे मी फुगूनच जन्मले होते म्हणा! वर तो, खाली मी, आणि आमच्या दोघांच्या साक्षीने पाण्याची राखण चाललेली. डोक्यावर सोलापुरी ऊन मी म्हणत होते, पण मी जागा सोडली नाही. माझा निळा रंग विटला, अंगावर भुकटी धरली, लाटांनी ती धुऊन नेली. इमानाने काम करताना अंग झिजायचेच, असे मला वाटे.

एका उन्हाळ्यात सोनालीचा नकाशा तयार झाला. फुगवट्याचा आमच्याकडचा सगळा भाग लालभडक. लाल म्हणजे प्लास्टिक फार. तो नकाशा कुणीतरी मोबाइलवर पुढे पाठवला आणि दोन बाजारांतच राजाबाईंची विकायला नेलेली माशांची पाटी भरलेलीच परत येऊ लागली.

"चिलापी माशात इख हाय म्हन्त्यात लोक," काठावर उभ्या राहून त्या सोनालीला म्हणाल्या. "मी काय इख इकती व्हय गं? नातीच्या ताटात बी हाच मासा वाढती की मी."

हे कण येतात कुठून ते सोनाली शोधू लागली. तिने वरच्या गावांचे सांडपाणी पाहिले, खताची पोती पाहिली, जुने दोर पाहिले. जाळीत निळे कण मिळत होते आणि तेवढा निळा रंग कुठेच सापडत नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय! कारण ती दर वेळी मलाच होडी बांधत होती.

मग एका सकाळी बिभीषणने मला मिठी मारून दोर सोडला आणि हात पांढऱ्या टॉवेलला पुसले. टॉवेल निळा झाला.

"म्याडम," तो हळूच म्हणाला, "ह्ये बगा."

सोनालीने नखाने माझे अंग खरवडले. नखाखाली निळे पीठ आले. मला तेव्हा सगळे कळले, मित्रांनो. ज्या पाण्याची मी राखण करत होते, त्यातच मी कणाकणाने सांडत होते. कुंपणानेच शेत खाल्ले होते. माझ्याभोवतीचे कण मोजून संगणक शिकला होता, की असा रंग दिसला म्हणजे एवढे प्लास्टिक. म्हणून आमच्या सगळ्या भागात लाल रंग भरला होता. मला त्या क्षणी बुडावेसे वाटले, पण प्लास्टिकला तेही जमत नाही.

मला बाहेर काढले. बिभीषणने माझ्या जागी वाळलेल्या दुधी भोपळ्यांची सांगड बांधली; त्याचा आजा तसल्याच सांगडीवरून नदी ओलांडायचा. सोनालीने पुन्हा उपग्रहाच्या वेळा गाठल्या, पुन्हा कण मोजले. लाल रंग आमच्या भागातून ओसरला. पुरता गेला मात्र नाही. नदी जिथून आत येते तिथे पट्टा राहिलाच. सोनाली केमच्या बाजारात राजाबाईंच्या पाटीशेजारी बसली आणि येईल त्याला सांगत राहिली, "नकाशा चुकला होता. चूक माझी होती, ह्या मावशींची नाही." काही गिऱ्हाइके परतली, काही अजून दुरूनच जातात.

म्हणून विनवते मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू धड आहे तोवरच तिला पाण्यातून, उन्हातून उचला. आमची भुकटी झाल्यावर आम्हांला गोळा करणारा हात अजून जन्मलेला नाही. वरून पाहणाऱ्यालाही आम्ही एकेकटे दिसत नाही.

काल राजाबाईंनी चुलीपाशी मासा चिरला. आतड्यातून मोहरीएवढा एक निळा कण निघाला. त्यांनी तो बोटाच्या टोकावर घेतला, उजेडात निरखला आणि खोपीत आल्या. माझे झाकण काढले.

"घे," त्या म्हणाल्या, "तुजं तुला."

कण माझ्या तळाशी पडला. पडल्याचा आवाजही आला नाही.