कुबड्यांच्या गुलाबी मुठी

"सवय होईल" हे दोन शब्द ज्याने पहिल्यांदा शेजारीशेजारी बसवले, तो माणूस सापडला असता तर ताईंनी त्याला कुबडीनेच झोडपलं असतं.

मणक्याच्या दुखण्यातून ताई उठल्या खऱ्या, पण उजवा पाय काही भरवशाचा राहिला नाही. कुबड्या आता कायमच्या, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काखेत धरायच्या नव्हेत. कोपराखाली पट्टा आणि हातात मूठ, अशा. पायाचं दुःख ताईंनी पचवलं होतं. त्यांची झोप उडवली ती हातांनी.

कारण ताई कवळ्या बनवत. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर बसून त्या गुलाबी मेणात एकेक दात बसवत. दात केसभर तिरका बसला तरी चावताना कुरकुर होते, आणि हे केसभर डोळ्यांना नाही, बोटांना कळतं. आता कुबड्यांवर चालायचं म्हणजे सगळं अंग तळहातांवर तोलायचं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांच्या करंगळ्या बधिर झालेल्या असत.

पहिली जोडी नवऱ्याने आणली, आश्चर्याचा धक्का म्हणून. धक्का बसलाच. त्याने माप घेतलं होतं ते ताई घरात अनवाणी उभ्या असताना, आणि ताई बाहेर पडल्या बूट घालून. मुठी खाली राहिल्या, ताई वाकून चालू लागल्या, आणि पाठीला नवीन दुखणं लागलं. मग खटक्याची बटणं दाबून उंची वाढवली. उंची जमली, पण मूठ तीच राहिली, बारीक, गोल आणि कडक.

दुसऱ्या जोडीसाठी दोघं दुकानात गेले. दुकानदाराने ताईंना खुर्ची दिली आणि नवऱ्याला विचारलं, "पेशंटचं वजन किती?"

"पेशंट इथे बसलीय," ताई म्हणाल्या. "तिला तोंड आहे."

त्याने हसून वजनाला हलक्या कुबड्या काढल्या. मग न वाजणाऱ्या काढल्या, मग घडी होणाऱ्या. ताई पुन्हा पुन्हा सांगत होत्या की मला मूठ दाखवा, मला तळहाताशी काम आहे. तो पुन्हा पुन्हा रबरी बूच दाखवत होता, ओल्या फरशीवर घसरत नाही म्हणून. बूच चांगलं होतं, नाही कशाला म्हणा, पण ताई काही बुचाला धरून चालणार नव्हत्या. शेवटी त्याने मुठीवर चढवायची मऊ गादी काढली. "हे लावा. थोडे दिवस वापरा, सवय होईल."

ती गादी घरी पोहोचेपर्यंत मुठीभोवती गरगर फिरायला लागली.

"तुला एकही पसंत पडत नाही," रात्री जेवताना नवरा वैतागून म्हणाला. "अगं, सोफा घेताना एवढी दुकानं पालथी घातली नव्हती आपण."

"सोफ्यावर उभं राहून कामाला जायचं नव्हतं मला."

"सगळे वापरतातच ना? होईल हळूहळू सवय."

ताईंनी चमचा ताटात आपटला. सासूबाई समोर बसून दुधात पाव कुस्करत होत्या. त्यांची कवळी मागच्या फळीवर कपात पडलेली होती, नेहमीसारखीच. ती ताईंनीच बनवलेली. सासूबाई ती पाहुणे आले की घालत आणि जेवायला बसताना काढून ठेवत. आपल्या हातची कवळी अशी कपात बुडालेली पाहून ताईंचं डोकं फिरे, पण आज भांडायला दुसरे विषय होते.

दुसऱ्या दिवशी जे व्हायला नको तेच झालं. मेणात बसवायला घेतलेला दात ताईंच्या बोटांतून निसटला आणि पडल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. कळलं ते दारात उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरांना. त्यांनी तो उचलून टेबलावर ठेवला.

"ताई, घाई नको. काही दिवस काम बाहेरून करून घेऊ."

ते निघून गेले. 'काही दिवस' म्हणजे काय हे न कळण्याइतक्या ताई भोळ्या नव्हत्या. त्यांना भीती वाटली. पाय गेला तो गेलाच, आता हातही जाणार होते, आणि तेही मुठीच्या एका फालतू नळीपायी.

भीतीचा राग व्हायला ताईंना वेळ लागत नसे. जबड्याचं माप घ्यायचा लगदा समोरच होता. त्यांनी त्याचा गोळा मळला, कुबडीच्या मुठीवर थापला आणि उभं राहून सगळा भार टाकून दाबला. लगदा घट्ट झाल्यावर हात काढून पाहिलं. करंगळीच्या बाजूला, मनगटाजवळ, लगदा दबून खालची नळी उघडी पडली होती. बाकी तळहात नुसता हवेत. सगळा भार त्या एवढ्याशा पट्टीवर येत होता.

"मूर्खांनो," ताई रिकाम्या खोलीला म्हणाल्या, "इथे टोचतंय."

मग त्यांनी तेच केलं जे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. डाव्या हाताचं माप वेगळं घेतलं, उजव्याचं वेगळं. तळहाताची गादी टेकेल अशी रुंद, चपटी मूठ मेणात घडवली, कवळीच्या गुलाबी मालात ओतली, तळहात टेकतो तिथे मऊ अस्तर दिलं. चालून पाहिलं, अंगठ्यापाशी टोचलं. घासलं. पुन्हा चालून पाहिलं, पुन्हा टोचलं, पुन्हा घासलं. टोचतंय म्हणजे कुठेतरी जास्त आहे, एवढा सरळ हिशेब. सवयीचा त्यात कुठे संबंधच आला नाही.

"कुबडी हिरड्या दाखवून हसतेय," नवरा मुठी पाहून म्हणाला. मग ताईंचं चालणं पाहून चक्क स्वतःहून चहा टाकायला गेला.

पुढच्या आठवड्यात ताई दवाखान्यात चालत गेल्या, बसल्या आणि चिमटीत दात धरला. दात बोटांना कळला. त्यांना रडूच आलं. डॉक्टरांनी बाहेर द्यायला बांधलेले जबडे सोडून त्यांच्यासमोर ठेवले.

संध्याकाळी सासूबाईंनी त्या मुठीवरून बोट फिरवलं. "आता टोचत नाही ना?"

"अजिबात नाही."

"एकदाच घासलंस?"

"छे. टोचायचं थांबेपर्यंत घासत राहिले."

"असं असतं होय," सासूबाई म्हणाल्या आणि पाव कुस्करायला लागल्या.

ताईंनी फळीवरच्या कपाकडे पाहिलं. कवळी नवीन होती तेव्हा सासूबाई दवाखान्यात आल्या होत्या, गालाला हात लावून. टोचतं गं, म्हणाल्या होत्या. टेबलावर कामाचा ढीग होता. ताईंनी मान वर न करता काय उत्तर दिलं होतं, ते त्यांना आत्ता शब्दन् शब्द आठवलं.

"आई, उद्या माझ्याबरोबर चला," त्या कशाबशा म्हणाल्या. "कवळी घेऊन."

"आता कशाला? झाली की सवय."

"कवळीची?"

"नाही गं. तिच्याशिवाय जेवायची."

त्यात टोमणा नव्हता, हेच ताईंना सोसेना. त्या उठल्या, फळीपाशी गेल्या आणि उजव्या मुठीवरचा हात सोडला. कुबडी कोपराखालच्या पट्ट्याला लटकत राहिली. मोकळ्या हाताने त्यांनी कपातली कवळी काढली आणि सासूबाईंसमोर येऊन बसल्या.

"तोंड उघडा," ताई म्हणाल्या. "आणि कुठे टोचतं ते बोटाने दाखवा."