शिल्लक गोळ्या

"गोळी घेतलीत का?"

"घेतली."

"पोटात का खिशात?"

काकींनी नवऱ्याला हटकलं. तात्या गोठ्याच्या दारात बसून सुतळीचे उरलेसुरले तुकडे गाठी मारून जोडत होते आणि काकींची नजर चुकवून उजवा पाय हळूहळू पोत्याखाली सारत होते.

गाव त्यांना शिल्लकतात्या म्हणायचं. वाकडा खिळा, फुटकं बटण, पेन्सिलीचं थोटूक, काही टाकायचं म्हणून नाही. "असू दे, अडीनडीला लागेल." पाहुण्याला निरोप देतानासुद्धा ते एखादं वाक्य राखून ठेवत.

पेरणी तोंडावर आली आणि कुदळ पायावर बसली. जखम चिघळली. डॉक्टरांनी आठवडाभराच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याच सुमारास गावात औषधवाली बाई आली होती. माणसं औषध अर्ध्यात का सोडतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिने गोळ्या एका खास डबीत घालून दिल्या. झाकण उघडलं की वेळ आपोआप टिपली जायची.

"तात्या, सकाळ-संध्याकाळ झाकण उघडायचं हं. विसरायचं नाही."

तात्या शब्दाचे पक्के. दोन दिवस गोळी गिळली, ठणका थांबला. मग बरं वाटत असताना औषध खाणं म्हणजे भरल्या विहिरीत घागर ओतणं. तरी झाकण मात्र वेळेवर उघडायचं, गोळी काढायची आणि खिळ्यांच्या डब्यात टाकायची. पुढच्या दुखण्याची सोय झाली.

बाई परत आली ती हसतच.

"तात्या, सगळ्या गावात तुम्ही पहिले. एकही वेळ चुकली नाही."

"आमचं काम चोख असतं."

"आता पाय दाखवा."

पोतं बाजूला झालं. पाय भोपळ्यासारखा टरारला होता. बाईचं हसू मावळलं. काकी आत गेल्या आणि खिळ्यांचा डबा आणून तिच्यापुढे उपडा केला.

"अहो तात्या, या पोटात जायच्या होत्या."

"तुम्ही झाकण उघडायला सांगितलं होतं," तात्या म्हणाले.

बाई पालथ्या घमेल्यावर बसली. तिचं संशोधनही बहुधा तिच्याबरोबर खाली बसलं.

डॉक्टरांनी जुन्या गोळ्या फेकायला लावल्या, नव्या दिल्या आणि सांगितलं, "आता मध्येच सोडलंत तर पायाची खात्री देत नाही." बाईने परोपरीनं समजावलं. आधी कच्चे जंतू मरतात, चिवट मागं राहतात, आणि पुढच्या वेळी ते औषधाला भीक घालत नाहीत. "तात्या, सगळं शिल्लक ठेवा, दुखणं तेवढं ठेवू नका."

तात्या मान हलवत होते. काकींनी त्या मानेबरोबर उभा जन्म काढला होता. ती होकाराची मान नव्हती, बाई कधी उठते याची होती.

झालंही तसंच. ठणका थांबला आणि तात्यांची नजर खिळ्यांच्या डब्याकडे वळली. एवढ्यात कुंपणापाशी शेजारचा गिरणीवाला उगवला. याने एकदा तात्यांची शिडी नेली होती आणि एक पायरी कमी करून परत आणली होती. वर म्हणाला होता, "होतीच तशी."

"तात्या, बरं वाटतंय म्हणे. मग उरलेल्या गोळ्या मला द्या की. घसा धरलाय."

"उरणार नाहीत."

"उरतील हो. तुमच्याकडे काय उरत नाही?"

तात्यांनी त्याच्या डोळ्यांत बघत गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि रिकामी जीभ बाहेर काढून दाखवली.

गिरणीवाला रोज येऊ लागला. तो खाकरला की तात्यांचा हात डबीकडे जायचा. शेवटची गोळी गिळून त्यांनी डबी त्याच्यासमोर उपडी करून ठोकली.

"घे. झाकण पाहिजे का?"

जखम भरली. तात्या पेरणीला स्वतः उभे राहिले. बाईला कोण आनंद झाला.

"माझं समजावणं पटलं ना?"

"पटलं तर. पण मुख्य म्हणजे, त्या गिरणीवाल्याला एकसुद्धा मिळू द्यायची नव्हती."

"असं कारण आमच्या संशोधनात नाही, तात्या."

"मग घाला."

काकी तिला वळणापर्यंत सोडायला गेल्या. बाईने हळूच विचारलं, "काकी, गिरणीवाल्याचा घसा खरंच धरला होता?"

"छे. शिडीची पायरी मी त्याला माफ केली. तेवढ्यावर रोज खाकरायला तयार झाला." काकी थांबल्या. "आता मात्र खरंच आजारी पडलाय. छातीसाठी गोळ्या दिल्यात. कालपासून त्यालाही बरं वाटतंय."

"म्हणजे आता तो सोडणार."

"सोडतोय कुठला. औषध तुमचं गुणाचं आहे, बाई. फक्त बरोबर एक शेजारी देत जा."

तेवढ्यात मागून कुंपणावरून तात्यांचा आवाज आला, "काय रे, उरल्यात का काही?"

पलीकडून घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज तेवढा आला.